अनोळखी कोण? : प्राथमिक शाळेतील मुले आणि इंटरनेट

मार्च 2020च्या पहिल्या आठवड्यात नोएडातील एका शाळेतील विद्यार्थ्याच्या पालकांना कोविडची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले आणि ती शाळा तातडीने बंद करण्यात आली. पाठोपाठ इतर शाळांची दारे मिटली आणि महिनाअखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढील दीड वर्षाच्या बहुतेक काळात पहिली ते पाचवीच्या मुलांचा वर्ग भरला तो वीतभर लांबीच्या काचेत. तोवर मोबाइल ही घरातील वडीलधाऱ्यांची वस्तू होती. मुलाच्या हाती ती पडे ती जेवताना त्याचा हट्ट मोडावा म्हणून, किंवा रविवारी तासभर. आता शाळेनेच ती मागितली. ज्या वस्तूपासून मुलांना दूर ठेवा असे शिक्षक पालकसभेत सांगत आले होते, तीच वस्तू मुलांना द्या, अशी विनंती त्याच शिक्षकांना करावी लागली.

केंद्रीय शिक्षण खात्याने 14 जुलै 2020 रोजी ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाकाठी तीस मिनिटांहून अधिक वेळ नको, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका असाव्यात, अशी मर्यादा त्यांत घालून दिली होती. सूचना सुज्ञपणाच्या होत्या. परंतु ही मर्यादा वर्गाला होती; वर्ग संपल्यानंतर मुलाच्या हाती राहून गेलेल्या फोनला ती कोण लावणार? शाळा पुन्हा उघडल्या, फळा परत आला, आणि फोन मात्र पुष्कळ घरांत मुलाकडेच राहिला.

तो कोणत्या घरात राहिला, हेही पाहिले पाहिजे. नोएडा हे नावच मुळी एका औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून बनलेले आहे. 17 एप्रिल 1976 रोजी हे प्राधिकरण स्थापन झाले आणि यमुना व हिंडन या नद्यांमधल्या शेतजमिनीवर आखीव सेक्टर उभे राहू लागले. शेते गेली, पण गावठाणे जागच्या जागी राहिली. बरौला, छलेरा, भंगेल अशी गावे आज उंच इमारतींच्या वेढ्यात दाट वस्तीने भरून गेली आहेत. इमारतीच्या अठराव्या मजल्यावर आईवडील दोघेही संगणक कंपनीत नोकरीला, आणि शाळेतून परतलेल्या मुलाच्या सोबतीला त्याचा स्वतःचा टॅबलेट, हे एक घर. गावठाणातील भाड्याच्या खोलीत साऱ्या कुटुंबात मिळून एकच फोन, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री मुलाच्या हाती येतो, हे दुसरे. पहिल्या घरातील धोका एकांताचा आहे. दुसऱ्या घरातील धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो फोन प्रौढ माणसाच्या नावाचा असतो. त्यावरील चित्रफितींची निवड त्या प्रौढाचे वय व आवड पाहून आपोआप होत असते, आणि त्याच्या मित्रमंडळींचे संदेश त्यातच येऊन पडत असतात. आठ वर्षांच्या मुलीच्या हाती तो फोन येतो तेव्हा समोर कोण बसले आहे, याची त्या यंत्राला कल्पनाही नसते. म्हणून इंटरनेटवरील सुरक्षिततेचा एकच छापील धडा दोन्ही घरांना सारखा पुरत नाही.

छापील धडा तरी वेळेवर येतो काय? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2020 मध्ये सायबर सुरक्षिततेची पुस्तिका काढली, ती नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकाच्या आज्ञावलीची ओळख माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, करून देण्याचे योजिले. तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिचय करून देण्याचा निर्णय 2025 मध्ये जाहीर झाला. यंत्र आधी आणि धडा मागाहून, असा हा क्रम आहे. वयाच्या मर्यादांची कथाही अशीच. समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास तेरा वर्षांची अट असते ती मुलांच्या मानसिक वाढीचा विचार करून घातलेली आहे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तिचे मूळ अमेरिकेच्या 1998च्या एका कायद्यात आहे. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये, असे त्या कायद्याने सांगितले, आणि कंपन्यांनी तोच आकडा आपल्या दारावर लावला. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून ती मर्यादा सोळावर नेली. भारतात 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले असून, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यास दीड वर्षाची मुदत देण्यात आली. या कायद्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण बाबांच्या नावाने उघडलेल्या खात्यावर खेळणारे मूल कायद्याच्या दृष्टीला दिसतच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचू शकतात ते आईवडील आणि वर्गशिक्षिका.

आता प्रश्न असा की, सहा ते दहा वर्षांच्या मुलाला नेमके काय शिकवावे? बहुतेक शाळांत सुरुवात होते ती ‘अनोळखी माणसाशी बोलू नये’ या वाक्याने. रस्त्यावर हे वाक्य ठीक आहे. इंटरनेटवर मात्र ते लंगडे पडते, आणि याचे कारण मुलाच्या अनुभवातच आहे. नोकरीनिमित्त पुण्याहून किंवा नाशिकहून नोएडात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. त्या घरातील बाळाला काचेतून बोलणारे पहिले माणूस भेटते ते त्याची आजी. ती काचेतून हसते, लाड करते, ‘जेवलास का रे?’ म्हणून विचारते. वर्षातून दोनदा भेटणारी आजी आणि रोज काचेत दिसणारी आजी एकच आहे, हे मूल सहज शिकते. काचेतले माणूस खरे असते, आपले असते, ही त्याची पहिली शिकवण होय, आणि ती प्रेमाने मिळालेली आहे. पुढे सातव्या वर्षी एखाद्या खेळात त्याला एक सवंगडी भेटतो. तो सवंगडी तीन दिवस त्याच्या बाजूने लढतो, त्याला नाणी देतो, जिंकल्यावर शाबासकी देतो. चौथ्या दिवशी हा सवंगडी त्या मुलाच्या लेखी अनोळखी उरत नाही. त्याचा चेहरा कधी पाहिलेला नाही, ही गोष्ट प्रौढाला खटकते. मुलाला खटकत नाही. भिंतीवरील तक्त्यांत तर इंटरनेटवरचा दुष्ट माणूस हमखास काळी टोपी ओढून, तोंड झाकून बसलेला दाखविलेला असतो. त्यामुळे जो टोपी घालत नाही आणि गोड बोलतो तो चांगला, असा निष्कर्ष मुलाने काढल्यास दोष त्याचा नव्हे.

यास्तव जाणत्या शिक्षिका माणसाच्या ओळखीवर भर न देता त्याच्या मागणीकडे मुलांचे लक्ष वेधतात. बोलणारा कोण आहे हे मुलाला ओळखता येणार नाही; तो काय मागतो आहे हे मात्र ओळखता येते. त्याने फोटो मागितला, घर कोठे आहे असे विचारले, आईच्या फोनवर आलेला सहा आकडी संकेत सांग म्हटले, दुसऱ्या ठिकाणी एकटे येऊन बोल म्हटले, आणि विशेषतः ‘हे कोणाला सांगू नकोस’ असे म्हटले, तर मागणारा कोणीही असो, थांबावयाचे आणि मोठ्या माणसाकडे जावयाचे. मागणारा नात्यातला असला तरीही. वाढदिवसाची भेटवस्तू आईपासून दोन दिवस लपविणे ही गंमत आहे. जे कधीच सांगावयाचे नाही ते गुपित निराळे. हा भेद दुसरीतल्या मुलालाही कळतो.

माहितीचा धडा तर खेळातूनच उत्तम जमतो. एका मुलाने चिठ्ठीवर आपली आवडती भाजी लिहावी, ती चिठ्ठी वर्गभर फिरावी आणि प्रत्येकाने वहीत उतरवून घ्यावी. मग शिक्षिकेने त्या मुलाला सांगावे, ‘आता ती सर्वांकडून परत घे.’ मूल चिठ्ठी परत आणते, पण चाळीस वह्यांचे काय करावे, हे त्याला उमजत नाही. इंटरनेटवर टाकलेली वस्तू पुसता येत नाही, ही गोष्ट व्याख्यानाने पटण्यापूर्वी अशी पटते. दुसरा खेळ छायाचित्राचा. इमारतीच्या फाटकापाशी गणवेशात उभ्या असलेल्या मुलाचे चित्र फळ्यावर काढावे आणि त्या मुलाविषयी काय काय कळते ते वर्गाने शोधावे. गणवेशावरील चिन्हावरून शाळा, पाटीवरून सेक्टर, मागील मोटारीचा क्रमांक, सावलीवरून शाळेची बस येण्याची वेळ. मुले या शोधात रमून जातात. अडचण पुढेच येते. एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, ‘मॅडम, मग माझा असा फोटो आईने का टाकला?’ या प्रश्नाला शिक्षिकेपाशी उत्तर नसते, कारण शाळेनेही बक्षीस समारंभाची छायाचित्रे नावांसकट तशीच लावलेली असतात.

येथे अलीकडच्या दोन घटनांची आठवण करून देणे अगत्याचे आहे. 2017 च्या उन्हाळ्यानंतर ‘ब्लू व्हेल’ नावाच्या एका खेळाच्या वार्तेने देशातील पालक हवालदिल झाले. हा खेळ पन्नास दिवसांत मुलांना आत्मघाताकडे नेतो, असे सांगितले जात होते. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने इंटरनेट कंपन्यांना त्याचे दुवे काढून टाकण्यास फर्माविले. शाळाशाळांतून पत्रके निघाली. पुढे ज्या घटनांशी या खेळाचा संबंध जोडला गेला होता त्यांची तज्ज्ञांच्या समितीने छाननी केली आणि त्यांपैकी एकाही घटनेत या खेळाचा हात सिद्ध होऊ शकला नाही, असे जानेवारी 2018 मध्ये सरकारतर्फे संसदेत सांगण्यात आले. दुसरी कथा ‘मोमो’ची. बटबटीत डोळ्यांच्या, पक्ष्याचे पाय असलेल्या बाईचे ते चित्र म्हणजे जपानी शिल्पकार केइसुके आइसो यांनी 2016 मध्ये टोकियोत मांडलेला एक पुतळा होता. तो पुतळा कुजल्यामुळे 2018 मध्येच टाकून दिल्याचे त्यांनी नंतर सांगितले. पण त्या चित्राने मुलांना धमक्या येतात ही अफवा 2018 मध्ये भारतात आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ब्रिटनमध्ये वणव्यासारखी पसरली. ब्रिटनमधील बालसंरक्षण संस्थेकडे याविषयी पालकांपेक्षा वृत्तपत्रांकडूनच अधिक विचारणा झाली. आणि ज्या लहान मुलांनी ते भेसूर चित्र पाहिले, त्यांतील पुष्कळांना ते दाखविले मोठ्यांच्याच इशाऱ्यांनी.

या दोन प्रकरणांत मोठ्यांची कळकळ खोटी नव्हती. परंतु भीती शिकविण्याचा एक परिणाम ध्यानात घेतला जात नाही. सतत इशारे ऐकणारे मूल इंटरनेटवर जाणे सोडत नाही. तेथे काय घडले ते सांगणे सोडते. समजा, तिसरीतल्या एका मुलीला खेळताना कोणी घाणेरडे चित्र पाठविले. तिच्या मनात पहिला विचार येतो तो त्या चित्राचा नसून फोनचा असतो. सांगितले तर फोन जाईल. ‘तुला कितीदा बजावले होते’ हे ऐकावे लागेल. बाबा आईवर चिडतील. ती गप्प बसते, आणि पाठविणाऱ्याला हवे असते ते नेमके हेच मौन. तिला धमकावणाऱ्याच्या हाती जे शस्त्र असते ते घरातील शिक्षेच्या भीतीचे असते. ‘आईला सांगेन हं’ एवढे म्हणूनही तो तिला आणखी काही करावयास लावू शकतो. ज्या घरात सांगितल्याबद्दल शिक्षा नाही, त्या घरातील मुलावर ही धमकी चालत नाही.

म्हणून प्राथमिक वर्गातील या विषयाचा गाभा एवढाच की, सांगणाऱ्या मुलाला कधीही शिक्षा होणार नाही, अशी खात्री त्याला असली पाहिजे. हा धडा मुलाला देण्यापूर्वी पालकांना द्यावा लागतो, आणि तो अवघड आहे. पालकसभेत नुसते समजावून सांगण्यापेक्षा प्रसंग वठवून दाखविणे उपयोगी पडते. शिक्षिका मूल होते आणि म्हणते, ‘बाबा, मी तुमच्या कार्डावरून खेळातले हिरे घेतले. चुकून. तीन हजारांचे.’ समोरच्या पालकाच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते, ते साऱ्या सभेने ऐकावे. बहुतेकदा हशा पिकतो, कारण प्रत्येकाला आपले वाक्य आठवते. पैशाची गोष्ट मुद्दाम घ्यावी. ज्या मुलाला तीन हजार रुपयांची चूक सांगता आली, त्याला पुढे त्याहून जड गोष्ट सांगता येईल. यावर काही पालक विचारतात, मग शिस्त कशी राहावयाची? वापराच्या वेळेचा नियम मोडल्यास फोन काढून घ्यावा, त्याला हरकत नाही. पण तो दिवस आणि मुलाने काही सांगितल्याचा दिवस एक असता कामा नये.

मुलाने सांगितल्यानंतर मोठ्यांनी काय करावे, हेही ठाऊक हवे. संतापाच्या भरात ते संदेश पुसून टाकू नयेत. ते पुरावा असतात. पाठविणाऱ्याला पालकांनी स्वतः उत्तर देऊ नये. मुलाकडून तीच हकिकत पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. अडचणीतील मुलांसाठी 1098 हा दूरध्वनी आहे. 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून त्याचा उगम झाला, आणि पुढे तो सरकारी यंत्रणेत समाविष्ट झाला. पैशाच्या फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे. लैंगिक स्वरूपाचा अपराध असेल तर 2012च्या पॉक्सो कायद्याचे एकोणिसावे कलम प्रत्येक नागरिकावर पोलिसांना कळविण्याचे बंधन घालते. त्यातून शिक्षक किंवा मुख्याध्यापक सुटत नाहीत, आणि शाळेचे नाव खराब होईल ही सबब चालत नाही. न कळविणाऱ्यास शिक्षा आहे. मात्र ती मुलाला लागू नाही, असे कायद्याने स्पष्ट म्हटले आहे. गप्प राहिलेल्या मुलाला दोष देऊ नये, हे कायदा करणाऱ्यांना कळले. घरोघरी ते पोहोचलेले नाही.

मोठ्यांच्या वर्तनाचा विषय निघाला की नोएडातील पालकांना महाराष्ट्रातील एका खेड्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीनंतर मुले अभ्यासाला बसत नाहीत, फोन सोडत नाहीत, अशी तेथील शिक्षकांची तक्रार होती. 2022 मध्ये ग्रामसभेत विषय निघाला आणि ठरले की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, तेव्हा घरोघरी दूरदर्शन संच व फोन बंद करावयाचे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेल. प्रारंभी पुरुषमंडळींनी या कल्पनेची थट्टा केली. स्त्रियांनी ती उचलून धरली. या योजनेचा मर्मभाग असा की, दीड तास फोन ठेवावयाचा तो मुलांनी एकट्यांनी नव्हे, तर सगळ्या घराने. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलची बंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही उपायांत अंतर आहे. बान्सीत नियम मुलांसाठी आहे, वडगावात तो गावासाठी आहे. सेक्टरातील अठरा मजली इमारतीत देवळाचा भोंगा नाही आणि ग्रामसभाही नाही. तेथे प्रत्येक घराला आपला भोंगा स्वतःच वाजवावा लागतो, आणि रात्री नऊला कार्यालयाचा फोन आला तर तो मोडतोही. तरी जेवणाच्या अर्ध्या तासात सर्व फोन एका टोपलीत, एवढे पुष्कळ घरांना जमण्यासारखे आहे. मूल बोलावयास लागते ते बहुधा अशाच वेळी, दुसरेच काही बोलता बोलता.

परंतु सगळ्याच मुलांना सांगण्यासाठी घर लाभते असे नाही. कधी त्रास देणारा घरातलाच असतो. कधी आईवडील रात्री उशिरा परततात. म्हणून वर्षाच्या आरंभी आणखी एक अभ्यास करून घ्यावा. प्रत्येक मुलाने कागदावर आपल्या हाताचा पंजा गिरवावा आणि पाच बोटांवर अशा पाच मोठ्या माणसांची नावे लिहावीत, ज्यांना आपण काहीही सांगू शकतो. त्यांतील दोन तरी घराबाहेरची असावीत. कोणी आजी लिहितो, कोणी शेजारच्या काकू, कोणी शाळेच्या बसमधील मावशी. इमारतीतील मुलाला पाच नावे आठवत नाहीत असे पुष्कळदा घडते. गावठाणातील मुलाला कधी सात आठवतात आणि बोटे पुरत नाहीत. शिक्षिकेने हे कागद गोळा करून शांतपणे वाचावेत. ज्याच्या पंजावर दोनच नावे आहेत ते मूल, आणि ज्याची सर्व बोटे कोरी आहेत ते मूल, यांच्या जवळ तिने त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत जाऊन बसावे. पुढच्या सत्रात तोच अभ्यास पुन्हा घ्यावा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.